डिस्चार्ज कार्डावर भावंडांसाठी चार ओळी लिहा : महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगते. ५५ वर्षांच्या आतला पुरुष किंवा ६५ च्या आतली बाई हार्ट ॲटॅक येऊन तुमच्याकडे दाखल झाली, तर घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पेशंटच्या सख्ख्या भावंडांसाठी आणि मुलांसाठी चार ओळी लिहा. त्यांनी कोणती तपासणी करायची, कधी करायची आणि का करायची, एवढंच. ५५ आणि ६५ ही रेघ मी ओढलेली नाही. घरात कमी वयातला हृदयविकार आहे की नाही हे ठरवायला तुमच्याच पुस्तकांत ती वापरतात.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. खाली जे वैद्यकीय लिहिलं आहे ते वाचून, विचारून आणि स्वतःच्या घरात बघून लिहिलं आहे.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, त्रेचाळिसाव्या वर्षी ॲटॅक आला. साखर कारखान्यात पाळीचं काम, अंगाने सडपातळ, शुगर नाही, बीपी नाही. रात्रपाळी करून आला, छातीत जळजळतंय म्हणाला, पित्ताची गोळी घेऊन पडला. घाम फुटून शर्ट भिजला तेव्हा शेजारच्या पोरांनी त्याला गाडीत घातलं. शहरातल्या हॉस्पिटलात पोचल्यावर मात्र एक मिनिट वाया गेलं नाही. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी बंद होती, ती उघडली, स्टेंट बसवला, माणूस वाचला. त्या टीमचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

ते कार्ड मी जपून ठेवलं आहे. पहिल्या पानावर निदान, मग ईसीजी, टूडी इको, अँजिओग्राफीचा तपशील, स्टेंट किती मिलिमीटरचा, त्याचं स्टिकर. शेवटच्या पानावर गोळ्यांची यादी, ‘तेलकट, तुपकट, खारट टाळावे’ आणि ‘सात दिवसांनी दाखवावे’. मधल्या पानावर रक्ताचे रिपोर्ट, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४८, शेजारी जाड अक्षरात ‘हाय’. आणि त्याच पानावर वरच्या बाजूला ‘फॅमिली हिस्ट्री’च्या रकान्यात ‘नॉट सिग्निफिकंट’.

आमचे अण्णा सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. उसाला पाणी देताना बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. तात्या, म्हणजे धाकटे काका, एक्कावन्नाव्या वर्षी एसटी स्टँडवर कोसळले. आजोबांचं वय कुणी सांगू शकत नाही, पण आजी ऐन तरुणपणी विधवा झाली हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग रकान्यात तसं कसं आलं? मी नंतर वहिनीला विचारलं. दादा कॅथलॅबमध्ये, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीत होता. बाहेर फॉर्म घेऊन एक तरुण डॉक्टर आले, बहुधा रात्रभर जागेच असावेत. त्यांनी विचारलं, ‘घरात कुणाला शुगर-बीपी आहे का?’ वहिनी म्हणाली, नाही. आणि ते खरंच होतं. आमच्यात कुणालाच शुगर नव्हती, बीपी कधी मोजलंच नव्हतं. अण्णा गेल्यावर सहा-सात वर्षांनी ती या घरात आली. सासरे ‘अचानक गेले’ एवढंच तिच्या कानावर होतं. त्या डॉक्टरांनी खोटं लिहिलं नाही, वहिनीने काही लपवलं नाही, तरीही कार्डावर जे उमटलं ते चुकीचं होतं. त्या चुकीमुळे मी, धाकटा भाऊ आणि आम्हां तिघांची मुलं त्या कार्डाच्या बाहेर राहिलो.

आमच्या लक्षात आलं ते तालुक्याच्या गावी, महिनाभराने, आणि तेही दादाच्या पायामुळे. तिथल्या फिजिशियननी त्याला कॉटवर पालथं झोपायला सांगितलं आणि टाचेवरची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरी टाचेला जोडणारी) अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. ती निम्म्या बोटाएवढी असायला हवी, दादाची अंगठ्याहून जाड होती आणि मध्ये गाठीसारखी कडक लागत होती. कोलेस्टेरॉल साठत गेलं की ती अशी होते. मग त्यांनी मला बोलावलं, माझं बोट तिथे ठेवलं आणि विचारलं, ‘वडिलांच्या पायाला असं होतं का?’ मला आठवलं. अण्णांचं पायताण टाचेमागे कायम घासायचं, आई त्यावर खोबरेल तेल लावायची. आम्ही ते कष्टाचे पाय समजत होतो. नंतर डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बुबुळाच्या कडेने पांढरट कडं होतं. म्हाताऱ्या माणसांत ते असतं, पण पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल बघायलाच हवं, असं त्यांनी समजावलं.

कागदावर त्यांनी लिहिलं : फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. हे काम कसं चालतं आणि कुठे बिघडतं ते मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधलं, त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. ज्यांना आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेला जनुक मिळतो त्यांच्यात हे रिसेप्टर पुरेसे नसतात. एलडीएल जन्मापासून वाढलेलं असतं आणि धमन्यांवर वर्षानुवर्षं त्याचा थर चढत जातो. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला तो जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. औषध घेतलं नाही तर यातल्या साधारण निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो, बायकांमध्ये सुमारे तीस टक्क्यांना साठीपर्यंत.

हा दुर्मीळ आजार नाही. जगभरचा अंदाज दर २५० माणसांत एक असा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेच प्रमाण इथे लावलं तर साडेचार लाखांच्या आसपास माणसं होतात. त्यातल्या किती जणांच्या केस पेपरवर हे निदान लिहिलेलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं. माझं एलडीएल २१४ आलं. मला काहीच त्रास नव्हता, शाळेचे तीन जिने मी रोज चढते. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचं १७६. दादाच्या मुलीचं नॉर्मल, तिच्या पाठच्या भावाचं १९०. त्या रात्री वहिनी आणि मी स्वयंपाकघरात बसून रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होतो. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण दुसरीही भावना होती. अण्णा आणि तात्या यांच्या वेळी कुणाला काही माहीत नव्हतं. आता आमच्या पोरांच्या बाबतीत ते बारा-चौदाव्या वर्षीच कळलं होतं, आणि यावर औषध आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं द्रव्य, १९७३ मध्ये शोधलं, पहिलं स्टॅटिन औषध १९८७ पासून बाजारात आहे. त्यातलंच अटोरव्हास्टॅटिन आज सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतं. कमी वयात सुरू केलं तर या आजाराच्या माणसाचं आयुष्य बरंचसं इतरांसारखं होऊ शकतं.

धाकट्या भावाचं एलडीएल ठीक निघालं. तो सुपारीसुद्धा खात नाही, रोज पळतो. सगळ्यांना वाटलं तो सुटला. फिजिशियननी आणखी एक तपासणी लिहून दिली, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका घटकाची, लॅबवाले ‘एलपीए’ म्हणतात ती. ते आलं ९२ मिलिग्रॅम. पन्नासच्या वर गेलं की धोका धरतात. हा घटक नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधला. साठ वर्षं उलटली, तरी तालुक्याच्या लॅबमध्ये नाव सांगितलं तर ‘पुण्याला पाठवावं लागेल’ असं उत्तर मिळतं. हे प्रमाण बहुतांशी जनुकांवरच ठरतं. पळून, पथ्य करून ते फारसं हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. भारतीयांमध्ये जवळपास चारातल्या एकाचं वाढलेलं सापडतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, ते येत नाही, वेगळं सांगावं लागतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये लिपिडविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रत्येकाने एकदा तरी एलपीए तपासावं, आणि पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी, घरात कमी वयातला हृदयविकार असेल तर त्याहून आधी करावं, असं सांगितलं आहे. ही तुमचीच संघटना. सूचना तुमच्याच आहेत. त्या आमच्यापर्यंत पोचवायला डिस्चार्ज कार्डाहून सोपा कागद कोणता?

आता खाण्यापिण्याबद्दल आणि सवयींबद्दल. गावात दोन प्रकारची बोलणी ऐकली. काही जण म्हणाले, ‘रक्तातच आहे, काय करणार, अण्णांचं झालं तसं याचं.’ बाकीच्यांनी सगळं वहिनीवर ढकललं. तिच्या हातचं तेलकट, तिच्या माहेरी भज्यांशिवाय सण होत नाही, नवऱ्याच्या जिवावर बेतलं तरी हिला कळत नाही. हॉस्पिटलातून आल्यावर आठवडाभर ती माणसांसमोर आली नाही. कार्डावर फक्त ‘तेलकट, तुपकट टाळावे’ लिहिलं की घरात त्याचा अर्थ काय लावला जातो, याची तुम्हाला कल्पना नसेल. ज्या माणसाचं एलडीएल जन्मापासून दुप्पट आहे, त्याच्या आजाराचा ठपका बायकोच्या फोडणीवर बसतो. त्या फिजिशियननी कागदावर ‘अनुवंशिक’ लिहिलं आणि माझ्या सासरपर्यंत, माहेरपर्यंत, सगळ्यांना वहिनीसमोर ते वाचून दाखवायला सांगितलं. ते औषधाइतकंच गरजेचं होतं.

पण म्हणून सवयींचं महत्त्व कमी होत नाही, उलट वाढतं. दादा सतराव्या वर्षापासून तंबाखू-चुना मळतो. सिगारेट कधीच नाही. कार्डावर लिहिलं होतं ‘नॉन-स्मोकर’, आणि तेही अक्षरशः खरं. आमच्या भागात पुरुषाच्या खिशात पुडी असते, बायका सकाळी मिशरी लावतात, माझी आजी लावायची, तिला कुणी व्यसन म्हटलं नाही. हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत हार्ट ॲटॅकच्या कारणांचा ‘इंटरहार्ट’ अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही ॲटॅकचा धोका सुमारे दुप्पट असल्याचं त्याच संशोधनातून पुढे आलं. त्यामुळे ‘सिगारेट ओढता का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘तंबाखू, मिशरी, गुटखा, मावा यातलं काय घेता?’ असं नाव घेऊन विचारायला हवं. माणूस आयसीयूमध्ये असतो तेव्हा तो ऐकतो. त्या पाच दिवसांत तुमच्या तोंडून आलेलं एक वाक्य आम्हा घरच्यांच्या वर्षभराच्या भांडणापेक्षा जास्त काम करतं. दादाच्या पुडीबद्दल त्याला पहिल्यांदा विचारलं ते महिनाभराने, तालुक्याच्या दवाखान्यात.

इंटरहार्टमधली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या ॲटॅकचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. सहा वर्षं. मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं, घराचं कर्ज, सगळं याच वयात असतं. आणि त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की ॲटॅकच्या धोक्याचा फार मोठा भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी, ताण, फळं-भाज्या न खाणं, हालचाल नसणं आणि दारूचं प्रमाण अशा मोजता येणाऱ्या, बदलता येणाऱ्या गोष्टींशी जोडलेला आहे. यात आनुवंशिकता बाजूला पडते असं नाही. घराण्यातून आलेला धोका बहुतेक वेळा याच रस्त्यांनी काम करतो.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ज्यांचा जनुकीय धोका सगळ्यात जास्त आहे अशा माणसांकडे पाहिलं. त्यांच्यातही सिगारेट न ओढणारी, वजन आटोक्यात ठेवणारी, नियमित हालचाल करणारी आणि चांगलं खाणारी जी माणसं होती, त्यांचा धोका तसं न करणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्याने कमी होता. मी शाळेत हे मुलांना सांगते तेव्हा ती लगेच विचारतात, ‘मग ज्यांच्या घरात आहे त्यांनीच जास्त सांभाळायचं ना?’ हो, त्यांनीच. पण घरात आहे हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

दादा सडपातळ होता, म्हणून त्याची कधी कुणी तपासणीच केली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाबतीत जगाचे डोळे उघडले. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी काढलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० धरतात, ती याचसाठी. टेप लावायला पैसे लागत नाहीत. दादाची कंबर मी स्वतः मोजली, ९४ भरली. पँट ढिली होते म्हणून तो पट्टा आवळत होता आणि आम्ही त्याला काडीपैलवान म्हणत होतो.

घरात काय बदललं ते थोडक्यात सांगते, कारण कार्डावर तेही नीट लिहिता येईल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमच्याकडे लोणचं, पापड, खारे शेंगदाणे आणि ताटात वरून घेतलेलं मीठ मिळून ते कधीच ओलांडलं जायचं. ताटातलं मीठ आता बंद आहे. डालडा घरात येत नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी तीच आहे, ती आधीही चांगलीच होती. आणि हे सगळं दादापुरतं नाही, सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक आहे. पेशंटचं वेगळं पातेलं ठेवलं की चार महिन्यांत ते बंद होतं.

आता पैशांबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, ही राज्यातल्या गरिबांसाठी फार मोठी गोष्ट आहे. स्टेंटच्या किमतींवर २०१७ पासून मर्यादा आली, तिचाही आधार झाला. पण त्याच पेशंटच्या भावाने ॲटॅक येण्याआधी लिपिड तपासायचं म्हटलं तर तो खर्च त्याचा त्याने करायचा. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला बीपी, मधुमेह, हृदयविकार आहे का हे विचारलेलं असतं. ‘हो’ म्हटलं की धोक्याचे दोन गुण मिळतात. त्यापुढे बीपी आणि साखर तपासतात, आणि तेही फार मोलाचं आहे, पण त्या घरोघरच्या तपासणीत कोलेस्टेरॉल येत नाही. आमच्या वस्तीवरच्या आशाताईंनी माझा फॉर्म भरला, दोन गुण दिले, बीपी बघितलं, उत्तम आहे म्हणाल्या. माझं एलडीएल २१४ होतं, त्याच आठवड्यात. यात त्यांची काहीच चूक नाही. ज्यांच्या फॉर्ममध्ये कमी वयातला हृदयविकार आहे, निदान त्यांचं तरी एकदा लिपिड प्रोफाइल सरकारी खर्चाने व्हावं, हे आरोग्य विभागाला तुम्ही सांगितलंत तर त्याला वजन येईल. माझ्या अर्जाला तितकं येणार नाही.

नेदरलँड्समध्ये १९९४ पासून वीस वर्षं हेच केलं गेलं. एका पेशंटमध्ये हा अनुवंशिक आजार सापडला की त्याच्या भावंडांची, मुलांची, मग चुलत-मावस नातेवाइकांची तपासणी करत गेले. एका नावावरून दुसरं नाव. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये ही पद्धत २००८ मध्ये आली. आपल्याकडे कुटुंबं तिथल्यापेक्षा मोठी, एकमेकांना धरून असलेली, लग्नाला-बाराव्याला जमणारी. एका निरोपात वीस माणसांना कळतं.

तुम्ही म्हणाल, वेळ नाही. ओपीडीबाहेरची रांग मी पाहिली आहे, म्हणून तोंडी समजावून सांगा असं म्हणतच नाही. छापील चार ओळी कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवा, वय घातलं की आपोआप येतील. तुम्ही म्हणाल, लोक घाबरतील. ॲटॅक आलेल्या माणसाच्या घरचे आधीच घाबरलेले असतात. नेमकं काय करायचं ते कळलं तर नुसतं घाबरून न बसता काहीतरी करता येतं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी गांभीर्याने घेते. ‘घराण्यात हार्टचा आजार आहे’ हे चारचौघांत गेलं की मुलींच्या स्थळांवर परिणाम होतो. दादाची मुलगी सतरा वर्षांची आहे, तिचा रिपोर्ट नॉर्मल आहे, तरीही वहिनीने मला ‘बाहेर बोलू नका’ म्हणून विनवलं. म्हणून हॉस्पिटलने परस्पर नातेवाइकांना फोन करू नयेत. कागद पेशंटच्या हातात द्यावा, कुणाला दाखवायचा हे त्याने ठरवावं. ज्या मुलींमध्ये दोष निघेल त्यांना हेही सांगायला हवं की गरोदरपणाचा विचार असेल तर स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं, गोळी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये.

मजकूर काय असावा, याचा एक मसुदा देते. तुम्ही दुरुस्त करा, जसा हवा तसा वापरा :

‘पेशंटला कमी वयात हृदयविकार झाला आहे. त्यामुळे सख्खे भाऊ, बहिणी आणि मुलं यांना धोका जास्त असू शकतो. काही त्रास नसला तरी सर्वांनी महिन्याभरात लिपिड प्रोफाइल, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, मोठ्यांनी लायपोप्रोटीन-ए एकदा तपासावं. एलडीएल १९० किंवा जास्त आलं, किंवा मुलांमध्ये १६० किंवा जास्त आलं, तर हे कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटावं. तंबाखू कोणत्याही रूपात नको.’

पहिल्या लिपिड तपासणीला उपाशीपोटी येण्याची सक्ती नको. कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या सूचनांनुसार सर्वसाधारणपणे जेवून केलेली तपासणीही चालते. ऊसतोडीला जाणारा माणूस सकाळी अकरापर्यंत लॅबच्या बाकावर उपाशी बसला तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि तो पुन्हा येत नाही.

शेवटचं सांगायचं ते रकाना भरणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी. ‘घरात कुणाला शुगर-बीपी?’ असं विचारलं की त्या क्षणी घरात राहणाऱ्या माणसांचंच उत्तर मिळतं. गेलेले सुटतात, कारण त्यांना आता काही ‘आहे’ असं कुणी म्हणत नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही सुटतात. दादाच्या कार्डावर ‘कुटुंबात पत्नी, दोन मुले, आई, एक भाऊ’ असं लिहिलं आहे. मी त्यात नाही, कारण माझं घर आता वेगळ्या तालुक्यात, वेगळ्या आडनावाचं आहे. तेव्हा पेशंटच्या आईला विचारा, ती नसेल तर आत्याला किंवा मामाला फोन लावून विचारा : एकूण मुलं किती झाली, त्यातली कुठे कुठे आहेत, जी गेली ती कितव्या वर्षी आणि कशाने गेली, आणि यांचे वडील, काका, आत्या कितव्या वर्षी गेले. माझ्या आईने ही सगळी उत्तरं त्या दिवशी दिली असती. ती कॅथलॅबच्या बाहेरच बसली होती.

आपली नम्र,
एका पेशंटची बहीण आणि आता स्वतः पेशंट
सातारा जिल्हा